जतन नावाची ओ

१

चंचलचं लग्न झालं ते अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात. शिंदखेड्याला त्या दिवशी ऊन असं होतं, की वऱ्हाडाच्या बसचा पत्रा हात लावू देत नव्हता. बस धुळ्याला चहापुरती थांबली आणि दिवेलागणीला जळगावात शिरली. पेठेतल्या एका अरुंद गल्लीत, खाली कापडाचं दुकान आणि वर राहतं घर, अशा दारात चंचलनं माप ओलांडलं.

नवरीमुलीचं नाव बदलायची, तांदळाच्या ताटात अंगठीनं ते लिहायची रीत खरं तर या मारवाडी घरांची नव्हे. पण तीन पिढ्या खानदेशात काढल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कितीतरी रीती आपल्याच होऊन जातात, तशी हीही झाली होती. चंचलला त्याचं काही वाटत नव्हतं. तिच्या मैत्रिणींतली कोणी पायल झाली होती, कोणी प्रिया. आपल्यालाही असंच काहीतरी नवं, सिनेमातलं मिळेल असा तिचा अंदाज होता.

नवऱ्यानं, प्रकाशचंदनं, ताट पुढे ओढलं. अंगठी बोटातून काढली आणि तांदळात तीन अक्षरं ओढली. ज, त, न. लिहिताना तो थांबला नाही, तिच्याकडे पाहिलं नाही, कुणाला विचारलंही नाही. हात आपोआप चालावा तसा चालला.

जतन हे नाव तिनं फक्त म्हाताऱ्या बायकांचं ऐकलं होतं. शिंदखेड्याला त्यांच्या जैन स्थानकात अशी एक जतनबाई होती, नव्वदीची, दोन्ही कानांनी बहिरी.

सासूबाईंनी, उमरावबाईंनी, पेढ्याचं ताट उचललं आणि पहिला पेढा सुनेच्या तोंडात घातला. "चंचल नाव घरात राहत नाही," त्या म्हणाल्या. "आजपासून तू जतन." मग त्यांनी ताट सगळ्यांपुढून फिरवलं. प्रकाशचंदची आत्या, पाचोऱ्याच्या जडावबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पदराच्या टोकाला घट्ट बांधून ठेवला आणि पहाटेच्या गाडीनं निघून गेल्या.

दोन दिवसांनी मुलीला न्यायला बन्सीलालजी आले. हे चंचलचे वडील. धंदा मिरचीचा, पण नाद शब्दांचा. कुठला शब्द कुठून आला, वाटेत त्याचं काय झालं, हे सांगत बसायची त्यांना हौस. मुलीचं नाव त्यांनीच ठेवलं होतं. चंचला म्हणजे वीज, चंचला म्हणजे लक्ष्मी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गावातली पोरं तिला चंची म्हणून चिडवायची, पानसुपारीची चंची. तर ते त्या पोरांनाही बसवून अर्थ सांगायचे.

नवं नाव त्यांनी एकदा स्वतःशीच उच्चारून बघितलं. मग म्हणाले, "संस्कृतातला यत्न. यमुनेची जशी जमुना झाली तसं यत्नाचं जतन झालं. यत्न करणारी. वाईट नाही." आणि हसले. पण परतीच्या सगळ्या वाटेवर ते तिला चंचल, चंचल म्हणत राहिले, गरज नसताना सुद्धा.

२

सासरचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं होतं, एकामागे एक खोल्या. रस्त्याच्या बाजूला पुढची खोली आणि तिची गॅलरी, मागच्या टोकाला स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मध्ये मधली खोली. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं एक लोखंडी खाट होती, गाद्यांची चळत होती आणि भरदिवसाही दिवा लावल्याशिवाय दिसत नव्हतं. स्वयंपाकघरातून पुढं जायचं तर त्याच खोलीतून जावं लागे. दोन्ही दारांना फुलाफुलांचे पडदे होते.

प्रकाशचंदचे वडील तो लहान असतानाच गेलेले. घरात माणसं तीनच. सकाळी प्रकाशचंद खाली दुकानात गेला की वर सासू आणि सून. उमरावबाई कडक नव्हत्या. कामात चूक काढत नसत, आवाज चढवत नसत. पुढच्या खोलीत खिडकीला कूलर लावला होता; जेवण झालं की त्या त्याच्यासमोर आडव्या व्हायच्या आणि उन्हं उतरेपर्यंत तिथंच असायच्या. कूलरची घरघर सगळ्या घरात भरून राहायची. दिवसभर तिच्यात राहिल्यावर ती ऐकू येईनाशी व्हायची, आणि मग तिच्या आत बारीक बारीक इतर आवाज आहेत असं वाटत राहायचं.

नव्या नावाची सवय व्हायला वेळ लागतो. उमरावबाई "जतन" म्हणून हाक मारायच्या आणि चंचलला ती शेजारच्या घरातल्या कुणाला तरी मारली आहे असं वाटायचं. थोड्या वेळानं ध्यानात यायचं, की ही आपल्यालाच. मग ती धावत जायची आणि दर वेळी ओशाळी व्हायची.

त्या दुपारी ती पापड लाटत बसली होती. पुढून हाक आली, "जतन."

हाक नेहमीसारखीच तिच्यावरून निघून गेली. आणि ती सावरायच्या आत मधल्या खोलीतून कुणीतरी ओ दिली.

"हो, बाईजी."

बाईचा आवाज. तरणा, मवाळ, नुकतंच झोपेतून उठल्यावर घसा कोरडा असतो तसा जरासा खरखरीत. चंचलला आधी वाटलं, आपणच बोललो. आता अंगवळणी पडत चाललं म्हणायचं, ध्यानात यायच्या आधी तोंडून ओ निघाली. तिला बरंही वाटलं. मग तिला कळलं की आपलं तोंड भरलेलं आहे. उडदाची एक लाटी तिनं लहानपणच्या सवयीनं तोंडात टाकली होती आणि ती अजून दाताखाली तशीच होती.

तिनं हात झटकले, दुपारची हाक पाण्यासाठीच असायची म्हणून माठातून पेला भरला आणि मधल्या खोलीतून पुढं गेली. खोलीत अंधार होता, बाकी काही नव्हतं. उमरावबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांच्या उशाशी फरशीवर एक पेला होता, आतून ओला.

"परत कशाला?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "आत्ताच तर पाजलंस."

चंचल पेला हातात घेऊन उभी राहिली. म्हातारं माणूस, अर्धवट झोपेत. स्वतःच उठून प्यायल्या असतील आणि विसरल्या असतील. आणि त्या कूलरच्या घरघरीत काय, हवं ते ऐकू येईल. असं तिनं स्वतःला समजावलं. ते तिला पटलंही. फक्त परत जाताना तिनं मधल्या खोलीतला दिवा लावला आणि मग तो दिवसभर तसाच राहू दिला.

३

त्यानंतर ती कान देऊन राहिली. काही दिवस काहीच झालं नाही. हाक आली की ती लगबगीनं ओ द्यायची आणि तिची एकटीचीच ओ असायची. तिचा जीव भांड्यात पडला.

मग एकदा जेवताना प्रकाशचंद म्हणाला, की तू म्हणालीस ते खरं आहे, सुरतेचा माल यंदा कमीच उचलावा. चंचल भाकरी वाढता वाढता थांबली. सुरतेच्या मालाबद्दल ती कधीच काही बोलली नव्हती. तिला त्यातलं कळतही नव्हतं. तिनं तसं सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, मग काल दुपारी चहा घ्यायला मी वर आलो तेव्हा माझ्याशी कोण बोलत होतं? काल दुपारी चंचल गच्चीवर कुरडया राखत होती. तेही तिनं सांगितलं. त्यानं ते गमतीवारी नेलं. आणि चंचलला आतून चरचरलं ते असं, की नवरा तिच्याशी इतकं मोकळं, इतक्या आपुलकीनं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बोलत होता. आणि ज्या बोलण्यामुळं तो मोकळा झाला ते तिचं नव्हतं.

तिनं त्याला विचारलं, की या घरात आधी कुणी जतन होती का. एखादी बहीण, एखादी काकू. तो म्हणाला नाही. मी एकुलता एक, तुला ठाऊकच आहे. मग हे नाव कुणी निवडलं? बाईनं, तो म्हणाला; आईला तो बाई म्हणे. मी लहान असल्यापासून ठरलेलंच होतं. माझी बायको येईल ती जतन.

धुण्याभांड्याला लिलाबाई यायची. तिला हे नाव फार आवडलं होतं. "चांगलं नाव शे," ती म्हणायची. "जतन करी ठेयेल. जपीसन ठेयेल." लोणची, बियाणं, लेकीसाठी ठेवलेलं लुगडं, अशा जपून ठेवायच्या गोष्टी ती एकेक सांगायची. चंचल ऐकून घ्यायची. यत्न करणारी ती वडिलांच्या, बापूजींच्या संस्कृतात. इथल्या बोलीत जपून ठेवलेली. कुणी ठेवलेली आणि कुणासाठी, एवढं मात्र लिलाबाईच्या बोलण्यात नसायचं.

जूनच्या शेवटी पाचोऱ्याच्या जडावबाई डोळे दाखवायला जळगावला आल्या. त्यांना घेऊन चंचल दवाखान्यात गेली. बाकावर बसल्या बसल्या तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्याजी, आपल्याकडे, तिकडे मारवाडात, जतन म्हणजे काय?

जडावबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मग म्हणाल्या, "उपाय. एखादं दुखणं हटत नसलं तर माणूस काही ना काही जतन करतं. तो जतन."

"आणि दुखणं कुणाचं?"

मिटल्या डोळ्यांनी जडावबाईंनी चंचलचा हात चाचपला आणि नाव पुकारलं जाईपर्यंत धरून ठेवला.

४

पाऊस लांबला होता. वारं पडलेलं, अंगाला कपडा चिकटायचा. त्या दुपारी एकाएकी वीज गेली. कूलर दोन आचके देऊन थांबला आणि घरात अशी शांतता पसरली, की खाली दुकानात प्रकाशचंद कापड फाडत होता त्याचा चर्र आवाज वर आला. मागच्या मोरीत लिलाबाई भांडी घासत होती. चंचल स्वयंपाकघराच्या दारात, मधल्या खोलीच्या पडद्याला पाठ लावून तांदूळ निवडत बसली होती. जागा तिनं मुद्दाम निवडली होती. आता कुणाला यायचं असेल तर आपल्या अंगाला घासूनच यावं लागेल.

"जतन," पुढून हाक आली.

या वेळी ती तयार होती. हाक पुरी व्हायच्या आत तिनं ओ दिली. "हो, बाईजी."

तिच्या पाठीमागं, पडद्याच्या पलीकडं, त्याच क्षणी, तेच शब्द उमटले. दोन्ही आवाज एकावर एक बसले. अक्षरालासुद्धा मागंपुढं नाही. फक्त तिचा आवाज घाबरा होता आणि तो दुसरा अगदी निवांत.

मोरीत भांड्यांचा आवाज थांबला. लिलाबाई राखेचे हात घेऊन दारात आली. तिनं चंचलकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"घरमा आखो कोन शे, बाई?"

घरात आणखी कोण आहे, हे चंचललाही ठाऊक नव्हतं. पडदा हलत नव्हता. पुढच्या खोलीत उमरावबाई काहीतरी बोलत होत्या, हळू, समजुतीच्या सुरात, आणि त्यांच्या बोलण्यात थांबण्याच्या जागा होत्या, समोरचं माणूस उत्तर देत असल्यासारख्या.

चंचलनं पडदा सारला. खाट होती. गाद्या होत्या. खाटेवरच्या गादीला मध्यभागी खोलगा पडला होता. तिनं तळवा टेकवला तर गादी कोमट लागली. तिनं स्वतःला सांगितलं, की या दिवसांत जळगावात कुठली गादी गार असते. तिनं हेही सांगितलं, की सकाळी गाद्या झटकताना आपणच इथं बसलो असू. तळवा मात्र ती पदराला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून लिलाबाई आली नाही. चंचल तिच्या घरी बघायला गेली, तर दार लोटलेलं होतं आणि आतून कुणी बोललं नाही.

त्या आठवड्यात तिनं प्रकाशचंदला एक मागणं केलं. मला एकदा, फक्त एकदा, चंचल म्हणा. तो सकाळची दाढी करत होता. त्याला त्यात काही अवघड वाटलं नाही. त्यानं तोंड उघडलं, थांबला, पुन्हा उघडलं आणि मग स्वतःवरच हसला. "तोंडात बसत नाही गं," तो म्हणाला. "दुसऱ्याच कुणाची तरी बायको असल्यासारखं वाटतं."

त्यानंतर ती एकटी असली की आपलं नाव स्वतःच घेऊन बघायची. धुणं वाळत घालताना, कणीक मळताना. चंचल. चंचल बन्सीलाल. आवाज ओळखीचा होता, पण त्या हाकेनं मान वळावी असं काही आतून उठत नव्हतं.

५

श्रावणात राखीसाठी माहेरी जायची परवानगी मिळाली. उमरावबाईंनी ती लगेच दिली. "जा, सावकाश ये," त्या म्हणाल्या. "इथलं काही अडत नाही."

शिंदखेड्याच्या घराच्या ओट्यावर सायरबाई, तिची आई, उभीच होती. "आली माझी जतन," ती म्हणाली आणि लेकीला जवळ घेतलं. चंचल मिठीतून मागं सरकली. तिनं आईला सांगितलं, की तू तरी जुनं नाव घे. सायरबाईला नवल वाटलं. सासरचं नाव माहेरच्यांनी घेतलं तर सासरचा मान राहतो, असं ती म्हणाली, आणि लेकीचे केस विंचरता विंचरता पुन्हा दोनदा जतन म्हणाली.

पण संध्याकाळी बन्सीलालजी मिरचीच्या वखारीतून आले. कपड्यांना तोच नाकाला झोंबणारा मिरचीचा खाट, तशाच शिंका. अंगणातूनच त्यांनी हाक मारली, "चंचल, ओढणी नाकाला लाव, मी आलो." आणि ती सतरा वर्षांची असताना जशी धावायची तशी धावत गेली. तिला रडू आलं. तिनं त्यांना सगळं सांगितलं. पापडाची लाटी, सुरतेचा माल, कोमट गादी, लिलाबाई. काहीही लपवलं नाही.

बन्सीलालजींनी मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी शहाण्या माणसानं म्हणावं तेच म्हटलं. जुन्या पेठेत भिंतीला भिंत असते, आवाज कुठून कुठं निघतो. नव्या घरात, नव्या नावानं, पोर एकटी पडते आणि मन खेळ करतं. पण शेवटी ते म्हणाले, "तुला त्या नावाचा त्रास होतो आहे, एवढं मला पुरे. मी येतो तुझ्याबरोबर. बाईंशी बोलतो. नावच बदलायचं ना, त्यात काय एवढं."

ती माहेरी होती तोवर तिला गाढ झोप लागली.

निघाले त्या दिवशी धुळ्याला बस बदलायची होती. बन्सीलालजी केळी आणायला गेले आणि चंचल फलाटाच्या कठड्याला टेकून उभी राहिली. जळगावची गाडी लागली. माणसं तिच्याकडे धावली. कुणीतरी चंचल, चंचल म्हणून ओरडत होतं. कुणाची तरी पोरगी हरवली असेल, असं तिच्या मनात आलं. मग बन्सीलालजींनी तिला खांद्याला धरून हलवलं.

"किती हाका मारायच्या?" ते धापा टाकत म्हणाले. "ऐकू येत नाही का?"

तिला ऐकू आलं होतं. हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

६

उमरावबाईंनी व्याह्यांचं आगतस्वागत केलं. पुढच्या खोलीत गादीवर त्यांना बसवलं. आभाळ भरून आलं होतं, उकडत होतं, म्हणून कूलर चालू होता. चंचलनं आत जायचं टाळलं. ती रीत सोडून वडिलांच्या शेजारीच बसली, अगदी लागून, आणि त्यांच्या सदऱ्याची बाही तिनं मुठीत धरली. मधल्या खोलीचा पडदा समोर होता.

बन्सीलालजींनी घोळ घातला नाही. ते म्हणाले, बाईजी, नावात वाईट काही नाही, अर्थ फार मोठा आहे. पण पोरीचं मन त्यात रमत नाही. तिला माहेरच्या नावानं राहू द्या.

उमरावबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली. "तिला नको असेल तर आमचा काही आग्रह नाही," त्या म्हणाल्या. "तिलाच विचारा." आणि मग, शेजारी बसलेल्या चंचलकडे न बघता, पडद्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "जतन, बापूजींना पाणी आण."

चंचलनं ओठ घट्ट मिटले. येऊ दे, तिनं ठरवलं. आपण ओ द्यायचीच नाही. आपण इथं आहोत, बापूजींच्या अंगाला लागून, तोंड मिटून. आता ती ओ येऊ दे आणि बापूजींना त्यांच्या कानांनी ऐकू दे.

"हो, आणते."

ओ आली. कूलर चालू असूनही ती स्वच्छ ऐकू आली. आता त्या आवाजात झोपेची खरखर नव्हती. चंचलनं वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांची मान पडद्याकडे वळली होती, भुवया वर गेल्या होत्या. आता ते उठतील, आता माझा हात धरतील, असं तिला वाटलं.

बन्सीलालजींचा चेहरा हळूहळू निवळला. लेक दारात दिसल्यावर तो दर वेळी निवळायचा तसाच.

"ये, बेटा," ते म्हणाले.

पडदा बाजूला झाला. चंचलला मान वर करता आली नाही. तिनं पाहिलं ते एवढंच. फरशीवर टेकलेली दोन पावलं, पाण्याच्या तांब्याला धरलेला एक हात, त्या हातात लग्नातला चुडा, आणि लग्नाला इतके दिवस उलटूनही तळव्यावर गर्द राहिलेली मेंदी. खोलीत मिरचीचा खाट दरवळला, त्यांच्या शिंदखेड्याच्या घरातल्यासारखा. पावलं तिच्यासमोरून, तिच्या गुडघ्याला लुगड्याचा काठ घासत, वडिलांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"हे नाव तुला आवडत नाही का?" बन्सीलालजींनी वर बघत विचारलं.

"आवडतं की, बापूजी. माझंच आहे ते."

बापूजी म्हणताना पहिल्या अक्षरावर जरा रेंगाळायचं, ही चंचलची लहानपणापासूनची लकब. शिंदखेड्याबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती.

बन्सीलालजी पाणी प्यायले. त्यांनी त्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले, आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरल्याचं त्यांच्या उसाशातूनच कळलं. मी उगाच घाबरलो, ते उमरावबाईंना म्हणाले. बाप तो बाप. पावलं आत गेली. पडदा मिटला.

मग आपली बाही कुणीतरी धरली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी शेजारी पाहिलं. परक्या पोरीच्या आपण फार जवळ बसलो आहोत हे कळल्यावर भला माणूस सरकतो, तसे ते हळूच बाजूला सरकले. त्यांची नजर मायेची होती. त्या मायेत ओळख नव्हती.

"तुझं नाव काय, बेटा?"

खूप यत्नानं ती म्हणाली, "चंचल."

"चंचल," बन्सीलालजी म्हणाले आणि हसले. "छान नाव आहे. माझ्या लेकीचंही माहेरचं नाव तेच होतं." आणि ते तिला अर्थ सांगू लागले. वीज. लक्ष्मी. एका जागी न राहणारी.

उमरावबाई ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. ते कुणासाठी, हे चंचलला कळलं नाही.

चहा झाला आणि ते उठले. चंचल त्यांच्यामागं जिना उतरली. त्यांची पिशवी तिनं हातात घेतली होती. ती त्यांनी सभ्यपणानं परत घेतली, कशाला तुला त्रास म्हणाले. दुकानात प्रकाशचंद सासऱ्यांच्या पाया पडला आणि त्यानं चंचलकडे, एखादं गिऱ्हाईक मागं थांबलं असावं, तसं पाहिलं. गल्लीत आल्यावर तिनं वडिलांना बोलून बघितलं. शिंदखेड्याचं अंगण सांगितलं, शिंका सांगितल्या, आज सकाळची धुळ्याची केळी सांगितली. बन्सीलालजी थांबून ऐकत राहिले. त्यांना तिची दया आली असावी.

"तुझी माणसं वाट बघत असतील," ते म्हणाले. "जा, घरी जा."

ते चालू लागले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा तिनं सगळा जीव एकवटून हाक मारली, "बापूजी."

ते वळले. त्यांनी वर, गॅलरीकडे पाहिलं, तोंडभर हसले आणि तिथल्या कुणाला तरी हात हलवला. मग ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

चंचल गल्लीत उभी राहिली. बांगड्यांचा आवाज तिच्या डोक्यावर कितीतरी वेळ होत होता. वर बघणं तिच्यानं झालं नाही.